तोवर गाव बघून घ्या

गाडी बंद पडली ती चढावर. पत्र्याच्या डब्यात कुणी मूठभर खिळे टाकून खदाखदा हलवावेत तसा तिने आवाज केला आणि जागच्या जागी थांबली. ड्रायव्हरने चौतीस वर्षं शहरातली बस चालवली होती. इंजिनाचं खोकणं, क्लचची कुरकुर, ब्रेकचं रडगाणं, सगळं त्याच्या ओळखीचं होतं. हा आवाज मात्र त्याने कधी ऐकला नव्हता. चार शिव्या हासडून किंवा पाणी ओतून हे सुटायचं नाही, एवढं त्याला कळलं.

"काय झालं?" शेजारच्या सीटवरून बाईंनी विचारलं.

"गेली."

"कुठे गेली? इथेच तर आहे."

बाईंचं हे असं. बाई म्हणजे त्याची बायको, पण त्याआधी त्या त्याच्या बसच्या कंडक्टर होत्या आणि लग्नानंतरही त्याच बसवर राहिल्या. डेपोत सगळे त्यांना बाई म्हणायचे म्हणून तोही म्हणायला लागला आणि घरीही तेच नाव चिकटलं. त्याला मात्र कधी कुणी साहेब-बिहेब म्हटलं नाही. तो नुसता ड्रायव्हर. म्हणून इथेही बाईंना मान आणि त्याला अरे-तुरे. त्याची त्याबद्दल काही तक्रार नाही.

ही गाडी म्हणजे त्यांचीच जुनी बस. डेपोने ती भंगारात काढली आणि ह्याने लिलावात उचलली. निवृत्तीनंतर दोन महिने खपून त्याने तिच्यातल्या सीटा उपटल्या, मागे पलंग बसवला, मध्ये शेगडी आणि घडीचं टेबल केलं, खिडक्यांना पडदे लावले. अख्खी कॉलनी बघायला आली होती. "मोटरहोम केलंय म्हाताऱ्याने," लोक म्हणाले, आणि म्हणताना एकमेकांना कोपर मारून हसले. हसू देत. कॉलनीतलं क्वार्टर निवृत्त झाल्यावर सोडावंच लागतं. मूलबाळ नव्हतं. फंडाचा पैसा गाडीत गेला आणि गाडी हेच घर झालं.

एवढा उपद्व्याप कशासाठी? तर बाईंना समुद्र दाखवायला. बाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता आणि तो निघाला तेव्हा फार उशीर झाला होता. डोळ्यांचे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले होते, "आठ-दहा महिने धरून चाला. जे बघायचं राहिलंय ते बघून घ्या." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ड्रायव्हरने विचारलं होतं, काय राहिलंय. बाई शेवटची पायरी उतरून म्हणाल्या होत्या, "समुद्र." त्या दिवसापासून ड्रायव्हरच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. डोळे जायच्या आत समुद्र. पाच महिने सरले होते. अजून वेळ होता.

आणि गाडी चढावर उभी होती.

*

गॅरेज गावाच्या तोंडाशीच होतं. एका ट्रकने टोचन करून त्यांना तिथे आणून सोडलं. मेकॅनिक चाळिशीचा, गोलमटोल, कानावर पेन्सिल. ती पेन्सिल त्याने पुढच्या तीन दिवसांत एकदाही वापरली नाही. तो गाडीखाली शिरला, बराच वेळ आतून "अरेरे, अरेरे" करत राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "काका, गिअरबॉक्समधल्या दात्यांचा चुरा झालाय. हे मॉडेल बंद होऊन वीस वर्षं झाली. जुन्या मालाच्या बाजारात फोन करतो. उद्या येईल."

"उद्या नक्की?"

"उद्या म्हणजे उद्या-परवा. तोवर गाव बघून घ्या. आमच्या गावात बघण्यासारखं खूप आहे." त्याने बोटांवर यादी मोजायला सुरुवात केली आणि ती तीन बोटांवर संपली. बटणांचं म्युझियम, वरचा पॉइंट आणि बागेतलं फुलांचं घड्याळ. चौथं बोट त्याने थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि मग मिटलं.

बाई आत गाडी आवरत होत्या. ड्रायव्हर बाहेर मेकॅनिकजवळच्या टायरवर बसला. मेकॅनिकने किटलीतला चहा ओतला आणि सहज विचारलं, "निघालात कुठे?"

"समुद्र बघायला."

मेकॅनिक त्याच्याकडे बघतच राहिला. "काका, थट्टा करताय का?"

"थट्टा कसली? बायकोने जन्मात समुद्र बघितला नाही."

"अहो, पण समुद्र मागे राहिला तुमचा! हा रस्ता वर डोंगरात जातो आणि तिथेच संपतो. वर एक बंद पडलेली खाण आहे, बाकी काही नाही. खाली तीन रस्ते फुटतात ना, तिथे डावीकडे वळायचं होतं. केवढा मोठा बोर्ड आहे तिथे. आंधळ्याला दिसेल."

ड्रायव्हरच्या हातातला चहा हातातच राहिला.

तो चौक त्याला स्वच्छ आठवत होता. बोर्ड होता, मोठा होता, पण तो त्याने वाचला नव्हता. बोर्ड वाचणं त्याचं कामच नव्हतं. बसवरचा नियम साधा असतो. ड्रायव्हरने समोरचा रस्ता बघायचा आणि बाकी सगळं कंडक्टरचं. थांबा कुठला, गाडी कुठे वळायची, पाटी कुठली लावायची, हे कंडक्टर सांगणार आणि ड्रायव्हर ऐकणार. एकदा, फार वर्षांपूर्वी, त्याने मान मागे वळवून "नक्की ना?" असं विचारलं होतं. बाई चार दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. त्यात शहराबाहेर त्याला रस्ता म्हणून ठाऊक नव्हता. चौतीस वर्षं तोच एक मार्ग, डेपो ते पाण्याची टाकी, टाकी ते डेपो. म्हणून निघताना नकाशा बाईंच्या मांडीवर गेला तो तिथेच राहिला. त्या चौकात त्याने "कुठे?" म्हणून विचारलं आणि बाई क्षणाचाही उशीर न लावता म्हणाल्या, "उजवीकडे."

दोन दिवस गाडी चढत होती. समुद्र चढावर नसतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याच्या कानांना दडे बसले होते, सकाळी काचेवर बाष्प धरत होतं, आणि तरी तो मूग गिळून गप्प बसला होता, कारण बाईंनी सांगितलं होतं.

"बाईमाणसाला नकाशा देऊ नये," मेकॅनिक समजुतीच्या सुरात म्हणाला.

"गप रे," ड्रायव्हर म्हणाला. ह्या बाईमाणसाने ऐंशी माणसांच्या गर्दीतून बिनतिकिटाचा माणूस हुडकून काढला होता, तेही रोज. हे ह्याला कुठे माहीत?

बाईंना तो ह्यातलं काही बोलला नाही. चूक झाली असेल. वय झालंय. पण राग यायचा तो आलाच.

*

बटणांचं म्युझियम म्हणजे बंद पडलेल्या बटण-कारखान्याच्या दोन खोल्या. पूर्वी ह्या गावात शिंपल्याची, हाडाची, लाकडाची बटणं व्हायची आणि कुठकुठल्या देशांत जायची. आता ती काचेखाली होती. काऊंटरवरची मुलगी स्वेटर विणत होती. माणसं आलेली बघून तिने दिवे लावले आणि पुन्हा विणायला लागली.

बाईंनी ड्रायव्हरचा दंड धरला. हल्ली त्या सारख्या त्याचा दंड धरून चालायच्या. प्रवासाला निघाल्यापासून ही सवय लागली होती आणि त्याला ती मनातून फार आवडली होती. आयुष्यभर रोज आठ तास एकाच गाडीत घालवूनही दोघांमध्ये कायम गर्दी असायची. आता म्हातारपणी बाईंचं प्रेम उतू चाललंय, असं त्याने स्वतःची समजूत घातली होती. पण आज तो रागात होता. त्याने दंड ताठ ठेवला.

"बघ," तो घुश्शात म्हणाला. "वाच काय लिहिलंय ते."

बाई काचेवर वाकल्या. "लष्करी कोटाचं बटण. पितळी." पुढच्या काचेपाशी गेल्या. "हे राणीच्या झग्याचं." पुढे. "हे एका खलाशाचं. हे कुठल्याशा न्यायाधीशाचं. चला, पुढे चला." बसमधल्या उभ्या माणसांना पुढे सरकवायच्या त्याच सुरात त्यांनी दोन्ही खोल्या सात मिनिटांत उरकल्या. ड्रायव्हर मागून चालला. पाट्या वाचायच्या त्याच्या मनातही आलं नाही. बाईंनी वाचल्या होत्या ना.

बाहेर निघताना बाई काऊंटरपाशी थांबल्या. तिथे परातीत सुटी बटणं विकायला ठेवली होती. त्यांनी परातीत हात घातला आणि बराच वेळ आतल्या आत बोटं फिरवत राहिल्या. अंगठ्याने एकेक बटण बाजूला सारत त्या म्हणाल्या, "हे शिंपल्याचं. हे लाकडी. हे हाडाचं. आणि हे प्लास्टिक, हे कुणी लबाडाने मिसळलंय." विणणारी मुलगी हसली. "काकू, तुम्ही तर न बघता ओळखता!" बाईही हसल्या. ड्रायव्हर हसला नाही. त्याचा राग अजून उतरला नव्हता.

संध्याकाळी मेकॅनिकने सांगितलं, उद्या. बाईंनी मेकॅनिकचं नाव तिथेच 'उद्या' ठेवून टाकलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यानेच फर्मान काढलं की आज हवा स्वच्छ आहे, पॉइंट करून घ्या. वर जायला एकशे बारा पायऱ्या होत्या. बाईंनी त्या मोजल्या. एका हाताने त्याचा दंड, दुसऱ्या हाताने कठडा.

वर एक सपाट जागा, लोखंडी कुंपण, दोन बाकं आणि मध्ये खांबावर बसवलेली मोठी पितळी दुर्बीण. पलीकडे खोल दरी होती. ऊन कोवळं होतं. दुर्बीणवाला कोपऱ्यात टोपलीतून डबा काढत बसला होता. त्याने हाताने थांबा अशी खूण केली, म्हणजे आधी न्याहारी, मग दुर्बीण.

आदल्या दिवसाचा राग एवढ्या पायऱ्या चढताना ड्रायव्हरच्या अंगातून घामाबरोबर निघून गेला होता. माणूस मुळात रागीट नव्हता, त्याला राग टिकवायची सवयच नव्हती. त्याने बाईंना दुर्बिणीपाशी नेऊन उभं केलं, त्यांचा हात पितळी नळीवर ठेवला आणि म्हणाला, "बघ. मी जरा दरी बघून येतो." तो कुंपणापाशी गेला.

"अहो!" मागून बाईंचा आवाज आला. "काय सुंदर दिसतंय हो!"

"काय दिसतंय?"

"डोंगर. एकामागून एक. आणि ते तिकडे गाव, कौलं चमकतायत. नदी आहे बारीकशी. वा! पूल पण आहे. पुलावर एक गाडी चाललीये, लाल."

त्याने दरीत पाहिलं. नदी नव्हती. कौलं नव्हती. पूल नव्हता. खाली नुसती झाडंच झाडं होती. मग त्याने मागे वळून दुर्बिणीकडे पाहिलं. तो नेमका तिच्या पुढच्या तोंडासमोर उभा होता. त्या तोंडावर पत्र्याचं झाकण होतं, घट्ट बसवलेलं, वरून सुतळीने बांधलेलं. धूळ आत जाऊ नये म्हणून दुर्बीणवाला ते लावून ठेवत असणार.

बाई झाकलेल्या दुर्बिणीला डोळा लावून बोलत होत्या. "आणि तो पक्षी! दिसला का तुम्हाला?"

दुर्बीणवाला डबा ठेवून उठला. "अहो काकू, झाकण..." एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि ड्रायव्हरने हात वर करून त्याला गप्प केलं. भर रस्त्यात आडव्या येणाऱ्या माणसाला थांबवताना त्याचा हात असाच वर जायचा. दुर्बीणवाला जागच्या जागी उभा राहिला. त्याने झाकणाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं. तो परत जाऊन आपल्या टोपलीपाशी बसला.

"दिसला," ड्रायव्हर म्हणाला. "पक्षी दिसला."

 तो बाकावर बसला आणि मागचे दोन महिने त्याच्या डोक्यातून धाडधाड जायला लागले. वर्तमानपत्र बंद करा, त्यात असतं काय. टीव्ही विकून टाका. थेंब लागू पडलेत, डोळे बरे आहेत. कपात चहा ओतताना काठावर ठेवलेलं बोट. दंड धरणं. ते प्रेम नव्हतं, तो आधार होता. ज्या दंडाने ती चालत होती तो त्याने काल रागाने ताठ केला होता. आणि तो चौक. बोर्ड दिसलाच नव्हता तिला. मांडीवर नकाशा कोरा कागद असल्यासारखा पडला होता, आणि तिने आत्मविश्वासाने, चढ्या आवाजात, अंदाजाने एक दिशा सांगून टाकली होती. आणि त्याने गाडी वळवली होती. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने निदान एकदा मान वर करून पाहिलं असतं.

डॉक्टरांचे आठ-दहा महिने कुठेच शिल्लक नव्हते. ज्या समुद्रासाठी त्याने घर उपटून चाकांवर चढवलं होतं, तो समुद्र आता बाईंच्या दृष्टीने कुठेच नव्हता, ना डावीकडे ना उजवीकडे. ड्रायव्हरला रडू आलं. आवाज न करता रडणं त्याला जमत नव्हतं, म्हणून तो जोरजोरात खोकला.

"सर्दी झाली वाटतं," बाई म्हणाल्या. "तरी म्हटलं मफलर घ्या."

पायऱ्या उतरताना त्याने दंड सैल ठेवला, त्यांच्या बोटांना सोयीचा. प्रत्येक पायरीला तो किंचित थांबत होता. बाईंनी ह्या वेळी पायऱ्या मोजल्या नाहीत.

*

तिसऱ्या दिवशी उरलंसुरलं गाव बघायचं होतं, म्हणजे फुलांचं घड्याळ. बागेच्या मधोमध एका उतरत्या वाफ्यात ते होतं. हा फुलांचा हंगाम नव्हता. नुसत्या मातीवरून दोन मोठे लोखंडी काटे फिरत होते. माळी पाइपने त्या मातीलाच पाणी घालत होता. घड्याळ मात्र बरोबर चाललं होतं.

दोघं बाकावर बसली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"छान आहेत फुलं," बाई म्हणाल्या.

ड्रायव्हरला आदल्या दिवसापासून बोलायचं होतं आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं. आता ते आपोआप निघालं. "बाई, काल दुर्बिणीला झाकण होतं."

बाई हलल्या नाहीत. त्यांचा हात पर्सच्या पट्ट्यावर होता, तो तिथेच राहिला. पाइपमधून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "म्हणजे पूल-बिल काही नव्हता?"

"नव्हता."

"आणि इथे फुलं?"

"माती आहे."

"बघा," बाई म्हणाल्या, "एवढी वर्षं कुणी मला फसवू शकलं नाही आणि मी तुम्हाला दोन महिने फसवलं." त्यांना हसायचं होतं पण ओठ भलतीकडे गेले. मग त्या रडल्या. त्यांना असं उघड्यावर रडताना ड्रायव्हरने कधी पाहिलं नव्हतं. त्याने खिशातला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. रुमालाला ग्रीसचा वास होता.

"कधीपासून?"

"तुम्ही पडद्याचं कापड आणलंत ना, आणि विचारलंत रंग कसाय? तेव्हा मला कापड दिसलं नाही. उजेड तेवढा कळला. अजून तेवढाच कळतो. खिडकी कुठे आहे ते कळतं, तुम्ही समोरून गेलात की सावली कळते."

"मग सांगायचं नाही का, बाई?"

"कसं सांगणार? तुम्ही सीटा कापत होतात आणि गात होतात. लग्नाला एवढी वर्षं झाली, तुम्ही कधी गायला नव्हतात. त्यातून क्वार्टर सोडायची तारीख आलेली. म्हटलं, जाऊ दे. समुद्र दिसला नाही तरी तुम्हाला तो मला दाखवायला मिळेल. तुमच्यासाठी निघाले मी." त्यांनी नाक पुसलं. "तो चौक चुकला ना?"

"चुकला."

"मला वाटलंच. कानांना दडे बसले होते."

"माझ्यापण."

"मग बोलायचं नाही का?"

 पण ड्रायव्हरच्या मनाने उसळी घेतली. माणसाचं मन निर्लज्जच असतं. तो वळून बसला. "बाई, ऐक. आपल्या उद्याने सांगितलंय की आज पार्ट येतोय. मागे वळलो की दोन दिवसांत समुद्र. दिसला नाही तर नाही. लाटांचा आवाज येतो, पाय पाण्यात घालता येतात. बोर्ड मी वाचीन. सगळे वाचीन, एकही सोडणार नाही."

"नको," बाई म्हणाल्या.

"का?"

"तुम्हाला वाईट वाटेल."

"आणखी काय वाईट वाटायचं राहिलंय? बोल."

बाईंनी दोन्ही तळहात बाकाच्या फळीवर टेकले. "रोज सकाळी तुम्ही उठायच्या आधी मला जाग येते. मी दारापर्यंत येते. आतलं सगळं मला पाठ आहे. पण दार उघडलं की पुढे काय, ते मला माहीत नसतं. कधी दगड, कधी चिखल, कधी गटार. घर रोज नव्या जागी उभं असतं. मग मी दाराला धरून उभी राहते, तुम्ही उठेपर्यंत. कधी अर्धा तास, कधी तास. तिसऱ्या मुक्कामावर मी पाय टाकला आणि पडले. तुम्हाला सांगितलं, पलंगाचा कोपरा लागला." त्या थांबल्या. "डोळे नसलेल्या माणसाला हलतं घर नको असतं हो. काहीतरी एक जागेवर राहायला पाहिजे."

ड्रायव्हर ऐकत होता. दोन महिने त्याने रंधा मारला होता, वेल्डिंग केलं होतं, बोटं कापून घेतली होती. बायकोला द्यायची एकुलती एक वस्तू त्याने जीव ओतून केली होती आणि नेमकी तीच तिला दारात खिळवून ठेवत होती. त्याला वाटलं, इथेच ह्या मातीत तोंड खुपसावं.

"अजून थोडा उजेड कळतोय," बाई म्हणाल्या. "तो आहे तोवर मला एखादी जागा पाठ करायची आहे. नळ कुठे, भिंत कुठे, दुकान किती पावलांवर. मग तो गेला तरी चालेल."

"कुठली जागा? क्वार्टरमध्ये दुसरी माणसं आलीत."

"कुठलीही. हीच."

"इथे? इथे आपलं कोण आहे?"

"तिथे तरी कोण होतं?"

 माळ्याने पाइप गुंडाळला आणि तो निघून गेला. मोठा काटा मातीवरून एक मिनिट पुढे सरकला.

*

गॅरेजच्या फाटकापाशीच उद्या धावत आला. त्याचा चेहरा फुलला होता. "काका! आला! पार्ट आला! एकदम चांगला, एका गाडीतून काढलेला, जेमतेम वापरलेला. आज संध्याकाळी गाडी चालू करून देतो. परवा तुम्ही समुद्रावर!"

ड्रायव्हरने बाईंना गाडीत नेऊन बसवलं आणि बाहेर येऊन त्याच्यासमोर उभा राहिला. "मागे ती मोकळी जागा आहे ना, भिंतीजवळ, नळ आहे तिथे. ती भाड्याने देतोस का?"

"कशाला?"

"गाडी उभी करायला. कायमची."

उद्याला आधी कळेचना. मग त्याला वाटलं, पैशांची अडचण आहे. तो म्हणाला पैसे सावकाश द्या, दोन हप्त्यांत द्या. ड्रायव्हर मान हलवत राहिला. शेवटी त्याने दोन वाक्यांत काय ते सांगितलं. दुसरं वाक्य पुरं झालं नाही, पण उद्याला समजलं. त्याने कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत कानावर ठेवली. "पण काका, पार्ट बसवतो तरी. असू दे. कधी वाटलं तर..."

"वाटेल," ड्रायव्हर म्हणाला. "रोज वाटेल. म्हणून तर चाकं काढून घे."

पार्ट न बसवताच गाडी मागे न्यायची होती. उद्याने शेजारच्या वर्कशॉपमधली चार माणसं बोलावली. ती मागून ढकलत होती आणि स्टीअरिंगवर ड्रायव्हर होता. साठ-सत्तर पावलांचं अंतर. इंजिन मुकं होतं, नुसता रेतीवर टायर घासल्याचा आवाज. त्याने आरशात पाहून, दोनदा स्टीअरिंग फिरवून, भिंतीपासून बरोब्बर हातभर अंतर ठेवून गाडी लावली. ह्याहून चांगली गाडी त्याने आयुष्यात लावली नव्हती. हँडब्रेक ओढला आणि तो खाली उतरला. ढकलणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "वा काका, काय हात आहे!" 

मग जॅक लागले. विटांचे थर रचले. उद्याने पुढचं डावं चाक काढलं, मग उजवं. मागची जोडचाकं निघायला वेळ लागला, नट गंजले होते. एकेक चाक निघालं की गाडीला हलका हिसका बसायचा, आणि आतून बाईंचा आवाज यायचा, "झालं?"

"अजून आहे," ड्रायव्हर बाहेरून सांगायचा.

शेवटच्या चाकाचा शेवटचा नट राहिला तेव्हा उद्याने पाना त्याच्यापुढे धरला. विचारलं काही नाही. ड्रायव्हरने पाना घेतला. डेपोत ड्रायव्हरने गाडीच्या कामाला हात लावायचा नाही असा नियम होता, त्यामुळे चौतीस वर्षांत चाकाचा हा पहिलाच नट. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा तो करकरत फिरला. चाक सुटून रेतीवर आडवं पडलं. उद्याने बाकीच्यांना खुणेने बाजूला नेलं.

गाडी विटांवर बसली. आता तिला बस म्हणायचं की घर, ते ड्रायव्हरला कळेना. दोन दिवसांवरचा समुद्र आता कधीच यायचा नव्हता. जिथे ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं अशा गावातल्या एका गॅरेजच्या मागे त्यांचं उरलेलं आयुष्य जाणार होतं, आणि ह्यात आनंद मानावा असं त्याला काहीही सापडत नव्हतं.

दार उघडलं. बाई दारात आल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"आता हलणार नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. पाहिजे तर खाली हात लावून बघ, चाकं नाहीत."

बाईंनी चौकट सोडली. एक पाय खाली घातला, हवेत फिरवला, पायरी सापडली. मग दुसरा. ड्रायव्हर पुढे झाला आणि थांबला. हात आपोआप वर यायला लागले तेव्हा ते त्याने पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरून ठेवले. बाईंचा पाय रेतीला लागला. त्यांनी चपलेने रेती दोनदा घासून पाहिली, तोंड नळाच्या थेंबांकडे वळवलं, आणि हात पुढे करून, मोठ्याने मोजत निघाल्या. "एक. दोन. तीन."